तीन नंबरचा सदरा

दर सोमवारी अकरा सदरे यायचे
नदीकाठी, माझ्या पत्र्याच्या छपराखाली,
घामानं आंबलेले, चिखलानं कडक.
मॅच मी एकही पाहिली नाही.
काय झालं ते मला पिळताना कळायचं.

नऊ नंबरच्या पाठीवर गवत, सातच्या कोपराला रक्त,
गोलकीपर म्हणजे तर निव्वळ माती.
आणि तीन नंबर?
कॉलर जरा ओलसर, बस्स.
मला वाटलं, याला खेळवतच नाहीत,
लाजेखातर धुवायला टाकतो बिचारा.

भाचा हसला. म्हणाला, मावशी,
ओतासीलियो नव्वद मिनिटं खेळतो.
पडत नाही, कारण त्याला घाई नसते.
बॉल जिथं येणार तिथं हा आधीच उभा,
उधारी मागायला आल्यासारखा.

मग ओळख पटली. हा तर लिंदाल्वाचा पोरगा!
ओहोटीला खारफुटीत मांडीपर्यंत रुतून
खेकडे धरायचा, माझ्या थोरल्याबरोबर.
थोरला मागं धावायचा, रिकाम्या हातानं परतायचा.
हा बिळाशी वाकून गप्प.
फिरू दे कुठंही, म्हणायचा,
घरी तर येईल.

पुढं रिओनं नेलं त्याला. सहा वर्षं.
तिथं कोण धूत होतं, कसल्या पाण्यात, देव जाणे.
पेपरात फोटो यायचे गोल घालणाऱ्यांचे,
हा कडेला कापलेला,
एक कान, अर्धा खांदा.
न झालेल्या गोलाचा फोटो तरी कसा काढणार?

गुडघा घेऊन रेसिफेला परत आला, शेवटच्या मोसमाला.
(त्या मोसमाचे साबणाचे पैसे
क्लबनं अजून दिलेले नाहीत.)
फायनलनंतरच्या सोमवारी गाठोडं सोडलं
आणि तीन नंबर हाताला जड लागला.
छातीपासून पोटापर्यंत
लाल मातीचा एकच लांब पट्टा.

भाचा दारात उभा होता, मी त्याला काही विचारलं नाही.
दोनदा साबण लावला.
तिसऱ्यांदा हात उचलला, आणि खाली ठेवला.

आता त्याची मुलगी इव्होनेती चादरी आणून टाकते.
बाबा दाराकडं तोंड करून पडलेले असतात, म्हणते,
कुस बदलत नाहीत, बोलत नाहीत,
डॉक्टर म्हणतो महिना, फार तर दोन.

चादर उन्हात धरून पाहिली मी.
मधोमध एका माणसाचा खळगा,
आजूबाजूला
एक सुरकुती नाही.