पाण्यासाठी थांबा

घाट चढण्याआधी इंजिनाला तहान लागायची,
म्हणून कुळे.

पोलय्या विजयनगरमहून आला, खांद्यावर पहार.
निंगव्वानं रुळांपलीकडे चूल मांडली,
तीन दगड, तेही रेल्वेच्या खडीतले.
कायतान गार्ड मडगावचे पाव आणायचा
डब्याच्या दांडीला पिशवी बांधून.
मग न्हावी आला. मग दारू.
मग हिवताप,
आणि निंगव्वाचा धाकटा पुरला जांभळीखाली;
तेव्हा कुठे लोक म्हणू लागले, आमचं गाव.

आता इंजिनं पाणी पीत नाहीत.
टाकीवर पिंपळ.

पोलय्याची पणती सुगुणा
मामलेदार कचेरीत अर्ज भरते.
मूळ गाव? कुळे.
त्याआधीचं?
ती पेनचं टोपण चावते.
बाहेर मालगाडी घाटाकडे,
मागून ढकलणारं इंजिन लावून.

लिहिते: कुळे.
टाकीजवळ.