हिरवा डबा

वेल्समध्ये बाला नावाचं गाव आहे.
आई फोनवर हसली,
मुलीचं नाव गावाला कशाला ठेवतात म्हणाली.
तळ्याकाठचं, स्लेटच्या छपरांचं गाव,
बाजाराच्या खालच्या अंगाला कत्तलखाना,
तिथे मी. पांढरा कोट, सुरी, सरकारी शिक्का.

काळीज बघायचं, यकृत, फुफ्फुसं, मानेतल्या गाठी,
मग अकरा पानांवर सही.
सही निळ्या शाईत. काळी चालत नाही.
मागच्या फेब्रुवारीत काळ्या शाईपायी
एक ट्रक कॅलेच्या धक्क्यावर दोन दिवस उभा होता.
कागद थांबतो, बाई, मांस थांबत नाही.

एलुनेड प्रोसर कोकरं स्वतः घेऊन येते.
सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा,
मोजते वेल्शमध्ये, ओठ न हलवता.
मग माझ्या डब्यात डोकावते: आज काय?
शेपू, मी सांगते.
ती वास घेते. हा तर आम्ही माशावर घालतो.

जिनिव्हातही डबे असतात, मी म्हणते,
खरे नाहीत, रंगांचे.
सरकारनं शेतकऱ्याला काहीही दिलं
की ते कुठल्या तरी डब्यात बसवायचं.
कोकरामागे पैसे दिले तर पिवळा,
सिग्नलच्या मधल्या दिव्यासारखा:
त्यानं बाजार वाकतो म्हणे, म्हणून त्याला माप.
झाडाला, पाणथळीला, कुंपणाला दिले तर हिरवा.
हिरव्याला माप नाही.

असं होय, एलुनेड म्हणते,
म्हणून तो परवाचा पोरगा
माझ्या टेकडीवर रोपांच्या जागा आखत फिरला
आणि मेंढ्यांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

माझ्या आईच्या रेशनचा तांदूळ पण
त्यांच्या वहीत आहे, मी सांगते.
आजचा तांदूळ, पण ताडून बघतात
शहाऐंशी ते अठ्ठ्याऐंशीच्या भावाशी.
माझा जन्म सत्त्याऐंशीचा.
तेव्हाचा फ्रॉक मला आज घालून दाखवा म्हणावं.
ती इतकी हसते की कोकरं बिचकतात.

रस्त्यापलीकडच्या दुकानात
न्यूझीलंडची मांडी आहे, गोठलेली,
एलुनेडच्या भावाहून किलोमागे तीन पौंडांनी स्वस्त.
एलुनेडचं कोकरू फ्रान्सला जातं.
इंग्लिश खाडीत कुठेतरी, बहुधा पहाटे,
ती दोघं एकमेकांना ओलांडत असतील,
एक दगडासारखं, एक अजून मऊ,
आणि दोघांचे कागद चोख.

गुरुवारी चॅपलच्या मागच्या खोलीत
आम्ही दोघी फळीवर सामान लावतो.
बीन्स, पास्ता, सहा महिने टिकणारं दूध.
रांगेत केरी असतो.
आमच्याकडेच पॅकिंगला, दिवसाला चारशे कोकरं
त्याच्या हातांखालून जातात.
एकही घरी जात नाही.
तो माझ्याकडे बघत नाही, मी बीन्स सरळ करत राहते.

मेंढीच्या रश्श्याचा डबा उचलून
तो बारीक अक्षरं मोठ्यानं वाचतो:
मांस अठरा टक्के.
मूळ देश: एकाहून अधिक.

मराठीत यालाही डबाच म्हणतात,
हे मी एलुनेडला सांगणार होते.
ती वहीत त्याचं नाव लिहीत होती, सावकाश,
मुलं किती ते न विचारता. तिला माहीत आहे.

केरीनं डबा कानापाशी हलवून पाहिला,
दोन घेतले,
आणि दारातून वळून म्हणाला,
डॉक्टर, सोमवारी ट्रक लवकर आहे,
निळं पेन विसरू नका.