नखभर

मी वाळू सपाट करणारा माणूस.
पानेवेझिसच्या मैदानावर एकेचाळीस उन्हाळे
माझ्या हातात हेच दंताळं,
दांडा दोनदा बदलला, दात एकदा.
कोण किती लांब गेलं ते बाकीचे लिहून घेतात,
मी पडल्याच्या खुणा पुसतो.

दांगुओलेच्या किती पुसल्या असतील!
साखर कारखान्यातल्या हमालाची पोर,
हिवाळ्याच्या तोंडावर बापाबरोबर बीटाची पोती उचलायची,
म्हणून गोळा तिच्या हातून असा सुटायचा
जसं घरचंच ओझं खाली ठेवलं.
अडथळ्यांशी मात्र कधी पटलं नाही.
उजवा गुडघा बारा महिने सोललेला,
त्यावर आयोडीनचा डाग
शाळेच्या नकाशातल्या तळ्यासारखा.
सात खेळ म्हणजे सात सासवा, म्हणायची,
एकीची मर्जी राखावी तर दुसरी रुसते.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये निवड चाचणी आमच्याच गावात.
जर्सीवर दुसऱ्या कुणाच्या देशाची अक्षरं,
आतून, छातीपाशी,
आईने हिरव्या दोऱ्याने घातलेली सतापाची फांदी.
पहिल्या दिवसअखेर ती दुसरी होती.
दुसऱ्या दिवशी सकाळी लांब उडी.
एक फाउल.
दोन फाउल.
तिसऱ्यांदा ती धावत आली
तेव्हा मी दंताळं छातीशी धरून उभा,
आणि उडी, देवाशपथ,
वाळूच्या ज्या टोकाला मला कधी हात लावावा लागत नसे
तिथे जाऊन पडली.

मग लाल झेंडा.
फळीपुढच्या प्लॅस्टिसिनच्या पट्टीवर
बुटाच्या टोकाचा ठसा,
करंगळीच्या नखाएवढा.
उंबऱ्यावर पाय द्यावा, पण पलीकडे टेकू नये,
एवढाच तर नियम.
गुण शून्य.

अशा वेळी लोक पिशवी भरतात.
ती बाकावर बसली, एक सफरचंद अर्धं खाल्लं,
उठून भाला फेकला.
संध्याकाळी आठशे मीटरही धावली,
कशासाठी ते कुणी विचारलं नाही,
शेवटच्या वळणावर तर अशी
जशी पुढे कुणी वाट बघतंय.
पुढे घड्याळ होतं फक्त.
त्या रात्री मी ती पट्टी चोरली.
आयुष्यात पुसायची राहिलेली एकच खूण,
चहाच्या डब्यात.

मग देश बदलला, जर्सी बदलली,
गुडघा बदलता येत नव्हता.
काही वर्षं ती पोलंडहून स्वेटर आणून विकायची.
एका मार्चमध्ये परत आली, गळ्यात शिट्टी,
मागे नऊ मुली, आणि गळक्या छपराखाली
चार बादल्या मांडलेला सभागृह.
त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही.
मुलींच्या धावपट्टीवर स्वतःच्या पावलांनी अंतर मोजायची,
टाचेला टाच लावून, ओठ हलवत,
आणि खडूची रेघ ओढायची.

गेल्या सप्टेंबरात शाळांची स्पर्धा.
फळीपुढे लावायला प्लॅस्टिसिन नाही,
कुणीतरी मागवायला विसरलं होतं.
मी सायकल काढली, घरी गेलो, डबा आणला.
वाटेत ठरवत होतो, काय म्हणायचं.
काही म्हटलं नाही. झाकण उघडलं.

तिने पट्टी उजेडात धरली.
ठसा ओळखला, हे मला तिच्या अंगठ्यावरून कळलं.
मला वाटलं, आता रडेल.
“फार वाळलंय,” ती म्हणाली,
“तुझ्याकडे सूर्यफुलाचं तेल आहे?”
डब्यातल्या माशांवरचं होतं, तेच दिलं.
पट्टी काखेत धरून तिने ऊब दिली,
मग मळली, भाकरीच्या पिठासारखी,
तळव्याच्या जोराने,
आणि फळीला लावून वरून अंगठा फिरवला.
कोरी.
मासळीचा थोडा वास येणारी.

मिग्ले धावत आली. चौदा वर्षांची,
नावाचा अर्थ धुकं, पण पाय दणदणीत.
उडी बरी होती.
पट्टीवर ओरखडाही नाही,
पांढरा झेंडा वर, मुली टाळ्या वाजवतायत,
आणि दांगुओले कठड्यावरून वाकून ओरडते आहे:
“चार बोटं मागूनच उडालीस!
कुणासाठी शिल्लक ठेवलीस ती?
पुढे ये, अजून पुढे!”

मी दंताळं उचललं.