शेऱ्याचा रकाना

आम्ही समुद्र आत ओढतो, चार नळांतून,
आणि जाळीवर जे अडकतं
ते माझ्या वाट्याचं.

अल खोरच्या उत्तरेला आमचा प्लांट.
खोर म्हणजे इथं खाडी. पहिल्या वर्षी मी
उगाच नदी शोधत होतो.

इथं खाऱ्याचं गोड करतात.
जानेवारीत शमाल सुटला की
पाणी सोळा अंशांवर येतं,
वाळूलासुद्धा हुडहुडी भरते,
आणि पहाटे साडेतीनला जाळी वर चढते
अंगावर सगळं लोंबकळत घेऊन:
समुद्रातलं गवत, रिबिनीसारखं चपटं,
केंड, मरतानाही रागानं फुगलेला,
बशीएवढं पाकटाचं पिल्लू,
गारठून दोरीसारखा सरळ झालेला दर्यासाप,
आणि एकदा एक समुद्रघोडा.
शेपटीनं गवताची काडी धरलेली.
अजून सोडली नव्हती.

रजिस्टरात एकच रकाना भरायचा. कचरा, किलोमध्ये.
मी लिहितो, बेचाळीस.
काल अडतीस होता.

सतरा तारखेला कासव आलं.
पाठीवर शेवाळ, डोळे मिटलेले.
गुणसेना म्हणाला, गेलं.
मी शेपटीला बोट लावलं,
तर ती हलली, अगदी नाइलाजानं,
जशी ड्यूटीला उठवलेल्या माणसाची पापणी.
पोतं कोमट पाण्यात भिजवून पाठीवर टाकलं,
दर दहा मिनिटांनी दुसरं.
शिफ्ट सुटेपर्यंत आम्ही दोघं
एका कासवाची पाठ शेकत बसलो.
उजाडताना त्यानं श्वास सोडला,
लांब, शिळ्या मासळीच्या वासाचा.
गुणसेना मागे सरकला आणि सिंहलीत काहीतरी म्हणाला.
शिवी असावी, किंवा प्रार्थना.

वजन केलं नाही.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
कासव. एक. परत.

इंजिनियर हाझिमनं बोट ठेवून विचारलं,
ही कुठली भाषा?
मराठी, सर.
त्यानं ते वाचल्यासारखं केलं,
खाली सही केली.

शुक्रवारी आम्ही ते धखीराला सोडलं,
तिवरांत, भरतीच्या वेळी.
तेच झाड. दाभोळच्या खाडीत
चिखलातून श्वास घेणारी बोटं वर काढून
उभं असतं, ते.
इथं त्याला कुर्म म्हणतात.
पान उलटून पाहिलं: मिठाचे बारीक कण.
हाही प्लांटच, म्हटलं,
ना डिझेल, ना शिफ्ट,
खारं पितो आणि मीठ पानावर टाकून मोकळा होतो.
मी चाटलं.
लहानपणी चाटलं होतं तेवढंच खारट.
गुणसेना हसला, मग त्यानंही चाटलं,
आणि बराच वेळ थुंकत राहिला.

कासव केव्हाच दिसेनासं झालं होतं.
लांब उथळात रोहित उभे होते,
एका पायावर, आमच्याकडे पाठ करून.

शनिवारी पहाटे
कचरा, चाळीस.
शेरा: केंड तीन. त्यातला एक
अजून फुगतोय.