क्रॉसमॅच

रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, मॅडम म्हणाल्या
आणि तुम्ही हसलात.
पॉझिटिव्ह म्हणजे जुळलं, असं वाटलं तुम्हाला.
तांबोळी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

जुळलं नव्हतं.
तुमची किडनी तशीच बसवली असती
तर माझ्या रक्तानं तासाभरात काळी पाडली असती.
एकवीस वर्षं कोपरखैरण्याच्या एका खोलीत
एका ताटात जेवलेली माणसं आपण.

बाळंतपणं किती, मॅडमनी विचारलं.
दोन, तुम्ही म्हणालात.
तीन, मी म्हणाले.
मधलं चौथ्या महिन्यात गेलं.
तुम्ही कांदा-बटाटा मार्केटात रात्रपाळीला होता,
दुसऱ्या दिवशी मी तुमचा डबा केला,
आणि मग घरात तो विषय निघाला नाही.

रक्तात निघत राहिला.
लेकरांच्या वाटेनं तुमचा अंश आत आला
आणि रक्तानं तो ध्यानात ठेवला,
गावात रात्री शिरलेल्या परक्या माणसाचा चेहरा
पाटलानं ठेवावा तसा.

पाच वेळा मशीनला लावलं.
रक्त बाहेर, त्यातलं पिवळं पाणी वेगळं, उरलेलं परत आत.
करडईच्या तेलासारखी पिशवी भरत गेली.
मी बघत राहिले,
ह्यातच कुठंतरी ते चार महिने असणार.
सिस्टरनं गाठ मारली, डब्यात टाकली.

आता तुमची किडनी माझ्या उजव्या कुशीत आहे,
हात ठेवला की लागते.
सकाळी आठ, रात्री आठ, गोळ्या.
रक्ताला दिवसातून दोनदा बजावायचं,
हा आपलाच आहे, ओरडू नकोस.
सकाळी दहा मिनिटं उशीर झाला तर तुमचा फोन येतो.
तुम्हाला गोणी उचलायची बंदी,
काट्यावर बसवलंय.
त्याबद्दलही तुम्ही बोलत नाही.

परवा फळबाजारातून कुणी पपनस दिलं.
त्यानं माझ्या गोळ्यांचं प्रमाण बिघडतं,
म्हणून तुम्ही जिन्यात बसून एकट्यानं खाल्लंत,
हात धुऊन वर आलात.
तरी वास आलाच.

आठ वाजले. तुम्ही पाण्याचा पेला पुढं केलात.
गोळी हातात धरून मी विचारलं,
मुलगी होती, माहीत होतं तुम्हाला?

माहीत होतं, म्हणालात.
आधी गोळी गिळ.