क्षार

नवतपा, तिसरा दिवस.
वॉर्डात पंखे गरम हवा ढवळत होते.
कॉटन मार्केटच्या भिंतीलगत सापडलेला म्हातारा,
केसपेपरवर नाव: अनोळखी इसम, वय अंदाजे पासष्ट,
दुपारभर एकच बोलत राहिला,
"पानी दे वं बाई."
दिलं.
म्हणजे, शिकाऊ मुलीला द्यायला सांगितलं.

चार वाजून दहा मिनिटांनी तो गेला.
मी वेळ लिहिली. खाली सही: सि. रूथ अमोलिक.
मग चहा आला, आल्याचा,
आणि तो चांगला लागला.

तिथे मी थबकले, प्रभू.
मरणं मोजायची सोडून सव्वीस वर्षं झाली.
मी थबकले चहाच्या चवीपाशी.

शनिवारी मोहननगरात, घरी, कूलर उघडला.
गेल्या साली वाळ्याच्या होत्या या ताट्या,
ओल्या झाल्या की घरभर सुवास.
आता पांढरट, खरबरीत,
दाबल्या तर मोडतात, वाकत नाहीत.
पाणी वरून सोडलं की कडेनं निघून जातं,
आत येतो तो वारा बाहेरच्याइतकाच तापलेला.

"बोअरचं पानी आहे न मॅडम," मेकॅनिक ढोमणे म्हणाले,
"एका दिवसात नाही होत हे.
पानी उडून जाते, क्षार राहून जाते."

ते गेले, तरी मी ताटी हातात धरून अंगणात उभी.

पाणी उडून जातं.
बाबांना जरीपटक्याच्या कब्रस्तानात ठेवलं
तेव्हा ओबेद खड्ड्याच्या त्या बाजूला होता,
मी या बाजूला.
दोघांनीही माती टाकली. एकमेकांकडे पाहिलं नाही.
घराच्या कागदांवरून चार वर्षं.
नाताळला त्याच्याकडून करंज्यांचं ताट आलं.
रिकामं ताट परत करू नये, आई म्हणायची,
निदान साखरेचे चार दाणे.
मी ते लख्ख घासलं, पुसलं,
आणि रिकामं धाडलं.

मला वाटायचं, कठोर माणूस म्हणजे
दार लावून बसलेला, मूठ आवळलेला.
मी तर दर रविवारी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर,
गायनात माझा आवाज वरचा,
दानाच्या पिशवीत माझी नोट घडी घातलेली.
पाळकांचं वचन आलं, माझ्यावरून वाहिलं,
दुपारच्या जेवणापर्यंत वाळलंही.
त्याचाही थर बसतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.
तू मीठ व्हायला सांगितलं होतंस.
मी क्षार झाले.

उभ्यानेच प्रार्थना केली,
नखांत पांढरी पूड, पदर ओला.
मला रडव, असं मागत नाही.
रडून वॉर्ड चालत नाही, तुला ठाऊक आहे.
कधीमधी चहा कडू लागू दे, एवढंच.
तू नवीनच देतोस म्हणे, जुनं काढून.
ते मागायला अजून भीती वाटते.
तोवर रोज थोडं खरवड.
माझ्याच्यानं फक्त वरवरचं निघतं.

सोमवारी सात नंबरच्या खाटेवर आणखी एक,
ओठ फुटलेले, खिशात बिडीचं बंडल.
शिकाऊ मुलीच्या हातून ग्लास घेतला.
डोकं उचलून धरलं. जड होतं,
झोपलेल्या लेकराचं असतं तसं.
"नाव काय बाबा?"
तो काहीतरी पुटपुटला. कळलं नाही.
पुन्हा विचारलं.
कळेपर्यंत विचारलं.
गुलाब. वडिलांचं नाव सोमा. गाव रामटेककडे.
मग केसपेपरवरचं 'अनोळखी' खोडलं,
पेन अडखळलं तरी.

ताट्या नव्या आणल्यात. वाळा पहिल्यांदा भिजला
तेव्हा बाबांच्या खोलीचा वास आला.

ओबेदला फोन अजून केलेला नाही.
एक ताट तेवढं फळीवरून काढून ठेवलंय,
ओट्यावर, उताणं.
त्यात काय ठेवायचं,
ते ठरत नाहीये.