चपला आत घेऊन जा

झेरॉक्सवाल्यानं मान वर केली नाही.
मी विचारलं होतं दातांच्या डॉक्टरांचं,
तेही चौथ्या खेपेला.
म्हणाला, दातांचे इथं कुणी बसत नाहीत.
ते मंगळवारी असतात, साडेसातला,
शाळेच्या मागच्या दारानं.
आणि चपला आत घेऊन जा,
लोक चपलांवरून ओळखतात.

तासगावच्या सौद्यात मी बेदाणा मोजतो, एकोणीस वर्षं.
सकाळी दहाच्या आत बॉक्स ठेवला
की काट्यावरचे लाल आकडे ठरायचेच नाहीत.
पंधरा वीस. पंधरा नव्वद. चौदा.
जणू बेदाणाच पिऊन आलाय.
"हात काढ की बॉक्सवरचा," व्यापारी ओरडायचे.
हात बॉक्सवर नव्हता.
मी टेबल धरलं होतं.

लोकांना वाटतं, शालननं धाडलं.
ती काही बोलली नाही.
तिनं फक्त माझ्या ताटावर झाकण ठेवायचं बंद केलं.

कवलापूर, बुधगाव, माधवनगर.
एसटीचे थांबे मला बारच्या पाट्यांवरून पाठ.
त्या दिवशी खिडकीकडं पाठ करून बसलो,
समोरच्या म्हातारीनं विचारलं, गाडी लागते काय?
म्हटलं, हो. लागते.

तिसरीचा वर्ग.
बाकं एवढी बुटकी, की गुडघे हनुवटीला.
भिंतीवर तेराचा पाढा,
शेजारी माणसाच्या पोटाचं चित्र,
कुणा पोराच्या अक्षरात, लाल बाणानं: यकृत.
सगळे त्याला पाठ करूनच बसलेले.
दहा पुरुष, एक बाई.
आपापल्या बाकाखाली आपापल्या चपला.

दस्तगीर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो.
म्हणाला, आता वरातीत पाणी पितो,
सूर खरे लागतात,
नवरदेवाकडचे म्हणतात, यंदा मजा नाही आली.
आम्ही हसलो.
हसताना कुणाच्या तोंडाला वास नव्हता,
हे मला जरा उशिरा कळलं.

विमलबाई बोलल्या तेव्हा कुणी हललं नाही.
त्या पोळ्या लाटतात, पंचवीस घरी.
बाटली पिठाच्या डब्यात.
"बाईचं कुणी शोधत नाही ओ,"
एवढंच म्हणाल्या, आणि चहा गाळायला उठल्या.

मग माझी पाळी.
येताना एसटीत घोकलेलं सगळं गेलं.
मी मापाडी आहे, म्हणालो.
किती दिवस झाले?
पाच.

झाले होते दोन.
कुणी काटा तपासला नाही, पावती मागितली नाही.
परतीच्या गाडीत ते तीन दिवस
मांडीवर पोत्यासारखे घेऊन बसलो.

पुढच्या मंगळवारी आधीच उभा राहिलो.
म्हटलं, गेल्या खेपेला तीन जास्त लावले.
मापात पाप नको.
दस्तगीर म्हणाला, मी तर आठ महिने लावले होते.

मग गटारी आली.
कुठं, कुणाबरोबर, ते सांगत नाही.
नळीवर सकाळ झाली, कोंबडीची पिसं शर्टाला.
प्राजूनं शाळेला जाताना माझ्या अंगावरून उडी मारली,
जशी पोरं डबक्यावरून मारतात,
दप्तर सावरून, सवयीनं.

त्या मंगळवारी माधवनगरचा थांबा मी जाऊ दिला.
सांगली स्टँडला उतरलो आणि तिथून चालत मागं आलो.
साडेआठ वाजून गेलेले.
विमलबाई झाडू मारत होत्या.
त्यांनी नुसतं एक बाक ओढून सरळ केलं.

काट्याला एक बटण असतं, शून्याचं.
प्रत्येक मापाआधी दाबायचं,
आधीचं वजन कितीही असो.
एकोणीस वर्षं दाबतोय,
कधी लाज वाटली नव्हती.

आज एकशे बारा.
शालन अजून झाकण ठेवत नाही.
मी आठच्या गाडीनं जातो, जेवण गार होतं, खातो.
दहाच्या आत आकडे ठरतात,
सगळेच दिवस नव्हे.

आज पायरीवरच थांबलो.
चपला काढल्या, शेजारी शेजारी लावल्या,
उजवीचा अंगठा तारेनं बांधलेला,
सौद्यातलं कुणीही ओळखेल.
आत दस्तगीर म्हणाला, विसरलास काय बाहेर?
नाही, म्हटलं.

त्याचं बोलणं निम्म्यावर आलं
तेव्हा पायरीशी कुणाची तरी पावलं थांबली.
आम्ही दाराकडं बघितलं नाही.
विमलबाईंनी एक कप जादा मांडला.
झेरॉक्सचं दुकान तर सातलाच बंद होतं.